रिकाम्या गाडीची चेन

‘ताई, चेन ढिली झालीय तुमची,’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं आजही फिरतं. शहरात अशोक स्तंभाच्या सिग्नलला शेजारी येऊन थांबलेला एखादा, ओळख ना पाळख, आधी माझ्या गाडीच्या मागच्या चाकाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि हे वाक्य टाकून मोकळा होतो. पुरुषाच्या गाडीबद्दल तो असं सांगायला जात नाही. त्याच्या स्वतःच्या मागे बायको, पोरगं आणि दळणाचा डबा असतो. त्या वजनानं त्याची चेन कशी झाली असेल हे त्याच्या मनातही येत नाही, माझी मात्र त्याला लगेच दिसते. पूर्वी मी चांगली उत्तरं द्यायचे. आता फक्त ‘तशीच ठेवलीय’ म्हणते आणि गिअर टाकते.

आमचं घर गिरणाऱ्याच्या रस्त्याला, मळ्यातच. झेंडू हे मुख्य पीक, एका तुकड्यात शेवंती, आणि जागा उरेल तिथे मेथी-कोथिंबीर. फुलं आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर तोडायची आणि पहाटे पंचवटीतल्या फूलबाजारात पोचवायची. मी लग्न होऊन आले तेव्हा हे पोचवायचं काम घरात कुणालाच नको होतं. नवऱ्याला सातपूरच्या कंपनीत नोकरी आणि तिथल्या पाळ्या. सासऱ्यांना, म्हणजे दादांना, शहरातल्या रहदारीची धास्ती. धाकट्या दिरांना पहाटे उठवायचं म्हणजे दोन माणसं आणि तांब्याभर पाणी लागायचं. म्हणून मी गाडी शिकले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. नकोशा कामाला बाई चालते.

गाडी म्हणजे घरातलीच जुनी मोटारसायकल. मागच्या सीटवर लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतलेली, तिच्यावर टोमॅटोला वापरतात तसल्या प्लास्टिकच्या जाळ्या एकावर एक रचलेल्या, आणि ट्यूब कापून केलेल्या रबरानं सगळं आवळलेलं. अशी भरलेली गाडी नदीच्या पुलावरून पलीकडे घालून मी बाजारात शिरायचे. तिथे माझी एक ठरलेली जागा होती. तिथे मी भाव सांगायचे आणि लोक ऐकायचे. हारवाले मला हाक मारायचे, उद्याची तोड किती निघेल ते विचारायचे, आणि मी नाही म्हटलं की ते नाहीच असायचं. घरात मी काही सांगितलं तर ते आधी भिंतीला जाऊन लागायचं, मग जमलं तर कुणाच्या कानाला. ऊन वर येईपर्यंतचा तो बाजारातला वेळ माझा होता. परत आलं की भाकरी, गोठा, खुरपं आहेच. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण माझा जीव त्या वेळात अडकलेला होता.

त्या वर्षी पोळा झाल्यावर गाडी कण्हायला लागली. भरून निघालं की मागून बारीक, सतत चालणारा आवाज यायचा, आणि गतिरोधकावर मागचं चाक वर दाबलं गेलं की ‘कडक’ असं वाजायचं. बाजार संपवून रिकाम्या जाळ्या घेऊन परत निघाले की काही नाही. गाडी अगदी गुणाची.

मी घरी सांगितलं. एकदा नाही, अनेकदा. दर वेळी तोच खेळ व्हायचा. दीर गाडी अंगणात मेन स्टँडवर चढवायचे, मागचं चाक अधांतरी झालं की ते हातानं फिरवायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, ‘कुठंय आवाज?’

‘भरल्यावर येतो, भाऊजी.’

‘भरल्यावर आवाज सगळ्यांनाच येतो, वहिनी.’

यावर दादा हसायचे, नवराही हसायचा. मी आत जाऊन कणकेवर राग काढायचे.

मग चेनकडे बघणं व्हायचं. चेनचं कव्हर आमच्याकडे कधीच काढून ठेवलेलं होतं, खडखडतं म्हणून. दादांची सवय अशी, की चहाची कपबशी हातात घेऊन ते गाडीपाशी यायचे, चप्पल काढायचे, आणि पायाच्या अंगठ्यानं खालची चेन दाबायचे. ती वरखाली हलली की चेहरा असा करायचे, जणू घरातली लेक उशिरा परत आली. ‘ढिली हाय,’ म्हणायचे. ओट्यावरच्या खिळ्याला पाना टांगलेला असायचा, तो घ्यायचे आणि मागच्या चाकाजवळचे चेन ताणायचे नट अर्धा फेरा आवळायचे. जरासेच.

आमच्या घरात घट्ट म्हणजे चांगलं. मेथीची जुडी घट्ट, गवताचा भारा घट्ट, बैलाची वेसण घट्ट, जाळ्यांवरचं रबर तर इतकं घट्ट की बोट जायचं नाही. सैल काही दिसलं की या माणसांच्या हाताला खाज सुटते. चेन मात्र सैल लागते. तिला दोन बोटं हलायला जागा लागते, कारण वजन पडलं की मागचं चाक वर सरकतं, आणि चेन आपोआप ताणली जाते. चाक अधांतरी लटकवून बघितलं की ती सगळ्यात ढिली दिसते. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मला इतकंच कळत होतं की आवाज वाढतोय आणि माझं कुणी ऐकत नाही.

दसरा आला. झेंडूवाल्याच्या घरात दसरा म्हणजे काय, हे ज्याच्या घरी झेंडू नाही त्याला सांगून उपयोग नाही. सगळं वर्ष त्या एका पहाटेकडे डोळे लावून असतं. दुपारनंतर त्या फुलाला कुणी विचारत नाही. आदल्या दिवशी सगळं घर तोडीला होतं, आणि अंधार पडायच्या आत घरातल्या गाड्या, ट्रॅक्टर, औताची अवजारं धुऊन काढली, पूजेसाठी. माझी गाडीही डिझेलनं घासून चकचकीत केली. मोठा दिवस म्हणून प्रत्येकानं तिची काळजी घेतली. ती काळजी काय होती ते मला पुढे कळलं.

पहाटे निघाले. जाळ्या नेहमीपेक्षा जास्त, वर गोणीत सुटी फुलं. गाडी पहिल्यापासून जड चालत होती, ब्रेक धरून ठेवल्यासारखी. आनंदवलीच्या पुढे एका गतिरोधकावर चाक चढलं, दाबलं गेलं, आणि चेन तुटली. इंजिन एकदम मोठ्यानं ओरडलं आणि गाडी जागच्या जागी हलेनाशी झाली. मागे वळून बघितलं तर चेन रस्त्यावर पडलेली. मागचा टेम्पो हॉर्न देत होता.

भरलेली गाडी मी कडेला कशी घेतली ते मला आठवत नाही. रिक्षा थांबवल्या. धुतलेल्या, कोऱ्या दिसणाऱ्या रिक्षा, पुढच्या काचेवर आमच्यासारख्यांच्याच झेंडूच्या माळा. एकानं ओल्या जाळ्या बघून नकार दिला, दुसरा पूजा झाली नाही म्हणाला. शेवटी भाजीच्या एका टेम्पोवाल्यानं जाळ्या घेतल्या. मी बाजारात पोचले तोवर हारवाले, दुकानवाले, कंपन्यांच्या पूजेची खरेदी करणारे, सगळे घेऊन गेले होते. माझ्या जागेवर दुसरंच कुणीतरी बसलेलं होतं. उरलेल्या घाईच्या गिऱ्हाइकांना मी मिळेल त्या भावाला फुलं दिली. ज्या जाळ्या शिल्लक राहिल्या त्या तिथेच, बाजाराच्या कडेला, इतरांच्या ढिगावर ओतल्या. आपल्या हातानं तोडलेलं फूल आपल्या हातानं कचऱ्यात ओतताना काय वाटतं ते मी सांगत नाही. तोंडात आलेल्या शिव्या आठवतात फक्त.

दुपारी घरी आले तर ओट्यावर पाट मांडलेला. त्यावर विळा, खुरपं, छाटणीची कात्री, आणि त्यांच्याबरोबर पाना. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूचं एकेक फूल. मी अंगणात उभी, हातापायाला ग्रीस आणि चिखल.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘उद्यापासून बाजाराला हा जाईल.’ हा म्हणजे दीर.

‘का?’

‘तुझं क्लच सोडायचं बरोबर नाय. झटका बसतो चेनला. लय दिवस म्हणायचं म्हणत होतो.’

कडेला लावलेली गाडी परतताना टेम्पोतून गावच्या नाक्यावरच्या गॅरेजात आणली होती, तिथेही हेच ऐकलं होतं. नवी चेन आणि तिची दोन्ही दातेरी चक्रं टाकताना गॅरेजवाला मला म्हणालाच, ‘ताई, झटके मारता का तुम्ही?’ त्यानंही गाडी मेन स्टँडवर चढवली होती, रिकामी. मी चालवताना त्यानं मला एकदाही बघितलं नव्हतं.

मी नवऱ्याकडे बघितलं. कंपनीत दिवसभर यंत्रांजवळ उभा राहणारा माणूस. भरल्यावर वाजतं आणि रिकामं असताना वाजत नाही, याचा काही अर्थ होतो हे त्याला कळायला हवं होतं. तो आपट्याची पानं निवडत बसला. सगळं खापर माझ्या डाव्या हातावर फुटलं आणि तो पानं निवडत होता. दिरांपेक्षा, दादांपेक्षा त्या दिवशी मला त्याचा राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दीर जायला लागले. आता त्यांना पहाटे उठवायला पाणी लागत नव्हतं. बाजारात आपला शब्द चालतो, चार माणसं चहा पाजतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. काम नकोसं होतं तोवर माझं होतं.

मी घरी राहिले आणि एक गोष्ट पहिल्यांदाच झाली. मला माझी गाडी बाहेरून ऐकू यायला लागली.

इतकी वर्षं मी त्या आवाजावर बसलेली होते. आता चुलीपाशी बसून ऐकत होते. नवी चेन टाकल्यावर पहिल्यांदा काही दिवस गाडी सरळ निघून जायची. मग एका पहाटे भरलेली गाडी मळ्याच्या वाटेवरून बाहेर पडताना तेच बारीक कण्हणं ऐकू आलं. वळणावर खड्डा आहे, तिथे ‘कडक’. उन्हं वर आल्यावर दीर परत आले तेव्हा गाडी रिकामी, आणि आवाज नाही. मी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आले. क्लच माझा नव्हता. हात माझा नव्हता. आवाज तोच होता.

दिरांना विचारलं, ‘गाडी कशी चालतेय?’

‘जड चालती. ॲव्हरेज पण देत नाय. म्हातारी झाली आता गाडी.’

मी चालवत होते तेव्हा दोष माझा होता. ते चालवायला लागले तर दोष गाडीचा झाला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पण मी तोंड बंद ठेवलं, कारण आता मला भांडायचं नव्हतं, शोधायचं होतं.

घरी असल्यामुळे दुसरीही गोष्ट दिसायला लागली. सकाळी दादांचा अंगठा, ‘ढिली हाय’, पाना, जरासा फेरा. हे मला माहीत होतं. पण संध्याकाळी दिरांचाही तसाच कार्यक्रम असायचा, गाडी पुसून झाल्यावर. आणि सुट्टीच्या दिवशी नवरा, अंघोळीआधी, बनियनवर, पाना घेऊन. तिघांपैकी एकानंही दुसऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ते सांगण्यासारखं काही नव्हतंच. आपण जरा बघून ठेवावं, एवढंच. मी चालवत होते तेव्हाही हेच चाललेलं असणार, वर ‘बाई गाडी चालवते, तिला काय कळणार’ हेही. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तर तिघांनी मिळून माझ्यावर उपकार केलेले असणार. मग त्या पान्याची पूजा झाली.

एका दुपारी तिघंही बाहेर होते. मी गाडी मेन स्टँडवरून काढून साइड स्टँडवर लावली, जाळ्यांच्या जागी शेणखताच्या दोन गोण्या चढवून रबरानं आवळल्या. चौकटीवर वजन झालं, पण चालवणाराही पाहिजे. मी बसले असते तर चेन कुणी बघायची? मी सासूबाईंना हाक मारली.

‘आई, जरा गाडीवर बसा.’

‘मी?’

‘तुम्हीच. गाडी बंद आहे. मी धरते.’

सासूबाई कधीच गाडीच्या पुढच्या सीटवर बसल्या नव्हत्या. लुगड्याचा काचा नीट करून त्या आधी बाजूनं, मग एक पाय टाकून चढल्या. आम्ही गाडी सरळ केली. एका हातानं मी चौकट धरली आणि वाकून दुसऱ्या हाताचं बोट चेनवर ठेवलं.

हलेना. कपडे वाळत घालायच्या तारेलाही जरा झोल असतो, हिला तेवढाही नव्हता. गोण्या उतरवल्या, त्यांना उतरायला सांगितलं, गाडी पुन्हा मेन स्टँडवर घेतली. चेन थोडी हलली. तेवढी बघूनच दादांचा अंगठा रोज ‘ढिली’ म्हणत होता. मी तिथेच अंगणात खाली बसले. इतकं साधं होतं. कुणी एकदा, फक्त एकदा, भरलेल्या गाडीला हात लावला असता तर दसऱ्याला माझी फुलं उकिरड्यावर गेली नसती. बिघाड बघायला सगळे यायचे आणि ज्या वेळी बिघाड असायचा तेवढी एक वेळ सोडून सगळ्या वेळी बघायचे.

‘झालं का गं?’ सासूबाई म्हणाल्या.

‘झालं.’

‘मग परत बसू का जरा? बरं वाटतं वर.’

त्या परत बसल्या, हँडल धरून, आणि समोरच्या शेवंतीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मी त्यांना घाई केली नाही.

पुरावा मात्र पाहिजे होता. तोंडी सांगितलेलं आमच्याकडे टिकत नाही. माझ्याजवळ एका लग्नासाठी घेतलेली नेलपॉलिशची बाटली होती, गडद लाल. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना चेन ताणायचे जे नट असतात, त्यांच्यावरून पुढे लोखंडी दांड्यापर्यंत मी एक-एक सरळ रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटणार. दुसऱ्या सकाळी रेघ तुटलेली होती. पुसून पुन्हा ओढली. संध्याकाळी पुन्हा तुटलेली. सुट्टीच्या दिवशी नवऱ्याची अंघोळ व्हायच्या आत तिसऱ्यांदा तुटली.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तोड चालू असताना सगळे घरी होते. लक्ष्मीपूजनाची पहाट म्हणजे दसऱ्यासारखीच, आणि वर्षातली शेवटची. मी तिघांना अंगणात बोलावलं आणि नटावरची लाल रेघ दाखवली.

‘हे काय?’ दीर म्हणाले.

‘नेलपॉलिश. रोज मी ओढते, रोज कुणीतरी तोडतं. कोण चेन आवळतं?’

दादा म्हणाले, ‘मी जरा बघतो सकाळी.’

दीर म्हणाले, ‘मी बी जरा.’

नवरा नटावरच्या रेघेवरून बोट फिरवत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. ‘आठवड्यातून एकदा,’ तो म्हणाला. ‘जराशीच.’

तिघांचं जरा-जरा मिळून माझा दसरा गेला होता, हे मी त्यांना सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, शेजारच्या मळ्यापर्यंत जाईल इतका. मग भरलेल्या जाळ्या गाडीवर ठेवायला लावल्या आणि दिरांना वर बसवलं. ‘दादा, आता दाबा.’

दादांनी चप्पल काढली, अंगठा चेनवर ठेवला. दाबला. पुन्हा दाबला. अंगठा हलत होता, चेन हलत नव्हती. त्यांनी पाय मागे घेतला आणि बोटांकडे बघितलं.

‘मी बसले व्हते तव्हा बी अशीच झाली व्हती,’ सासूबाई तोडलेल्या फुलांतून म्हणाल्या.

चेन सोडून सगळे सासूबाईंकडे वळले. ‘तू गाडीवर बसली?’ दादा म्हणाले. चेनच्या बाबतीत आपण चुकलो यापेक्षा हेच त्यांना जास्त लागलं असावं.

मी पाना खिळ्यावरून काढला आणि नट सैल केले, दोन्ही बाजूंना सारखे, भरल्यावरही चेन दोन बोटं हलेल इतके. दीर बसलेलेच होते. माझ्या हातून पाना घ्यायला ते पुढे वाकले, मी दिला नाही. मग चाकाच्या दांड्याचा, एक्सेलचा नट घट्ट केला. दिरांनी गाडी मळ्याच्या वाटेवरून फिरवून आणली. कण्हणं नाही, खड्ड्यावर कडक नाही. सगळ्यांनी ऐकलं.

मी वाट बघत होते. एक वाक्य कुणी बोलेल असं वाटत होतं. चुकलो, असं नको. फक्त ‘उद्या तू जा’ एवढंच.

दीर गाडीवरून उतरले, हात झटकले आणि म्हणाले, ‘चला, बरं झालं. आता उद्याच्याला काळजी नाय. मी नेतो बिनघोर.’

‘चेन तुटली म्हणून माझं जाणं बंद झालं होतं ना?’ मी दादांना विचारलं.

‘सणाची गर्दी असती,’ दादा म्हणाले. ‘बघू.’

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. मी इतके दिवस चेन शोधत होते. तिचा या निकालाशी काही संबंधच नव्हता. तुटली हे निमित्त, माझा क्लच हे निमित्त. त्यांना बाजार पाहिजे होता आणि तो हातात आला होता. खोटं कारण मी मान मोडून खोटं ठरवलं, तर त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं आणि सगळे पुढे गेले. दसऱ्याला मला रडू आलं नव्हतं. त्या संध्याकाळी शेवंतीत जाऊन आलं, आणि रडू येतंय याचाही राग आला.

परत येताना ओट्यावरच्या खिळ्याला पाना पुन्हा टांगलेला दिसला. दिरांनी नेमानं जागेवर ठेवला होता. मी तो काढला आणि माझ्या बाजाराच्या पिशवीत, जुन्या पदराच्या फडक्यात गुंडाळून, तळाशी टाकला.

पहाटे गाडी भरून झाली. जाळ्या, वर गोणी, रबर. गाडी साइड स्टँडवर, चावी लावलेली. दीर तोंड धुऊन आले, दादा चहा घेऊन. आणि मग नेहमीचंच झालं. दीर ओट्यापाशी गेले, खिळा चाचपला.

‘पाना कुठंय?’

‘माझ्याकडे,’ मी म्हणाले. पिशवी माझ्या खांद्याला होती.

‘द्या की. निघायच्या आधी चेन जरा बघतो.’

‘काल बघितलीय.’

‘रातभर गाडी उभी हाय, वहिनी. जरा बघितलेलं बरं.’

दादांनीही चहा खाली ठेवला होता. चप्पल काढायला लागले होते. दोघांनाही चेन बघायचीच होती. गाडी रिकामी असो की भरलेली, दसरा असो की दिवाळी, ती त्यांच्या हातापायांची सवय होती आणि एका संध्याकाळच्या भांडणानं ती जाणार नव्हती.

‘बघा,’ मी म्हणाले. ‘पण कुणी बसल्याशिवाय बघायची नाही. मी बसते.’

दीर काही म्हणायच्या आत मी गाडीवर बसले, साइड स्टँड वर केला आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवले. जाळ्यांचं आणि माझं वजन मागच्या चाकावर आलं. ‘दाबा, दादा.’

दादांनी अंगठा चेनवर ठेवला आणि दाबला. चेन खाली गेली, वर आली. त्यांनी पुन्हा दाबलं. खाली गेली, वर आली. दीर वाकून बघत होते.

‘ढिली आहे का?’ मी विचारलं.

दादांनी तिसऱ्यांदा दाबून बघितलं. मग म्हणाले, ‘नाय. बराबर हाय.’

‘बघून झालं?’

‘झालं.’

‘मग पाय काढा.’

सासऱ्यांना मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी पाय काढला. मी चावी फिरवली, स्टार्टर मारला, क्लच सोडला, सावकाश, झटका न देता, आणि निघाले. मागून दिरांनी ‘वहिनी’ अशी एक हाक मारली. दादांनी मारली नाही.

आता घरात सांगतात की दादांनीच मला जायला सांगितलं. पाहुण्यांसमोर सांगतात, कौतुकानं. मी ऐकून घेते. तेव्हापासून बाजाराला मीच जाते आणि पाना माझ्या पिशवीत असतो. दसऱ्याला पूजेपुरता तो पाटावर येतो आणि कुंकवासकट परत पिशवीत जातो.

त्या पहाटे मात्र आनंदवलीचा गतिरोधक आला तेव्हा मी गाडी हळू केली. पुढचं चाक चढलं, मग मागचं दाबलं गेलं आणि सुटलं. काही आवाज आला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी पंचवटीपर्यंत रागातच गेले, आणि त्या दिवशी भाव एका पैशानंही उतरवला नाही.